मोड आणि मोल : प्राचीन अलंकारांचे तुकडे ओळखावेत कसे?

(पिंपळगाव राजा, ता. खामगाव, जि. बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोनार-सराफांच्या व्यवहारात 'मोड' हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. तुटलेली पाटली, झिजलेले जोडवे, जोडीदार हरवलेला एकटा वाळा हे सारे 'मोड' म्हणून एकाच तागडीत पडते, घट वजा होते आणि उरल्या धातूचे पैसे हातावर येतात. चांदीच्या शुद्धतेसाठी नावाजलेली रजतनगरी खामगाव हे तर या गावाचे तालुक्याचे ठिकाण. तेव्हा मोड म्हणजे काय, हे इथल्या माताभगिनींना कोणी सांगायला नको. सराफाचा यात काडीचाही दोष नाही. धातूचे मोल करणे हे त्याचे काम आणि ते तो चोख करतो. प्रश्न निराळाच आहे. नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खोदकामात किंवा घराच्या पायात एखादा हिरवट, वाकडा, किटलेला तुकडा लागला, तर तो मोड आहे असे ठरवायचे कोणी? आणि ठरवण्यापूर्वी काय काय पाहायचे?

हा प्रश्न इथे विचारण्यास कारण आहे. घाटाखालचा हा मुलूख, पूर्णेचे आणि तिला मिळणाऱ्या नद्यांचे हे खोरे, दोन-सव्वादोन हजार वर्षे नांदते आहे. याच जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात पूर्णाकाठच्या भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या आरंभी उत्खनन केले. तिथे विटांचा स्तूप, कड्यांच्या विहिरी आणि एका नांदत्या वसाहतीचे अवशेष मिळाले. ती जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येणारी म्हणून पुढे चर्चेत राहिली. घाटावर सिंदखेड राजाला २०२४ साली, लखुजीराजे जाधवरावांच्या समाधीच्या परिसरात काम चालू असताना, शेषशायी विष्णूची अप्रतिम मूर्ती मातीतून वर आली. मूर्ती वर आली की गाव गोळा होते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. बोटाच्या पेराएवढा तांब्याचा तुकडा वर आला तर मात्र तो बांधावर फेकला जातो, नाहीतर घरी आणून चिंचेने घासला जातो. तुकड्याचे दुर्दैव असे, की त्याला पाहून कोणी हात जोडत नाही.

एखादी वस्तू मोठी, सुंदर आणि अखंड असली, तरी ती कुठल्या थरात होती हे ठाऊक नसेल तर काय होते, त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली झाडाचा बुंधा खणून काढताना चार धातुशिल्पे सापडली. रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. भारतीय धातुकलेतील हा अनमोल ठेवा आज संग्रहालयांत आहे. पण ती शिल्पे पुरातत्त्वज्ञांच्या डोळ्यांदेखत मातीतून निघाली नव्हती. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाला. कोणी त्यांना उत्तर हडप्पाकालीन म्हटले. कोणी त्यांतील एक टक्क्याहून अधिक सोमलाकडे बोट दाखवून म्हटले, की ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत असा सोमल आढळत नाही, तेव्हा जपून बोला. पुढे १९७६ ते १९७९ या काळात सां. अ. साळी यांनी तिथे विस्तृत उत्खनन केले, तरी पहिल्या दिवशी निसटलेली गोष्ट पुरती हाती आली नाही. साठ किलोच्या शिल्पांची ही कथा, तर दहा ग्रॅमच्या तुकड्याची काय!

उलट बाजू नागपूरजवळच्या माहुरझरीला दिसते. तिथे महापाषाणयुगीन लोकांची शिळावर्तुळे आहेत. १९७० ते ७२ या काळात डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने ती उकलली. एका दफनात घोड्याचा सांगाडा आणि त्याच्या मुखावर घालायचा, तांब्याच्या पत्र्याचा व लोखंडी गोट्यांचा अलंकार मिळाला. आता हाच पत्रा एखाद्याला शेतात सुटा मिळाला असता तर? कोणी त्याला राणीच्या कमरपट्ट्याचा भाग म्हटले असते, कोणी पेटीचे कोपरे. तो घोड्याचा साज आहे हे सांगितले ते घोड्यानेच. तुकडा ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे त्याचा शेजार. त्याच्या भोवती खापरे होती का, मणी होते का, हाडे होती का, राख होती का, हे त्या वेळी पाहिले नाही तर पुढे कितीही मोठा तज्ज्ञ आणला तरी तो अंदाजच करणार.

आता प्रत्यक्ष तुकडा हातात घेऊ. तो घासू नये, ही पहिली गोष्ट. आपल्या घरांत तांब्या-पितळेला लिंबू-मीठ लावण्याची सवय पिढ्यानपिढ्यांची आहे आणि रोजच्या भांड्यांना ती शोभतेही. जुन्या तांब्याचा मात्र मीठ हा वैरी. मिठातील क्लोराईड धातूत शिरले आणि हवेतील ओल मिळाली, की फिकट हिरवी भुकटी सुटू लागते आणि वस्तू आतून पोखरत जाते. पुराविद त्याला कांस्यरोग म्हणतात. शिवाय वरचा थर हाच तर वस्तूचा दाखला असतो. गर्द, घट्ट हिरवा थर आणि त्याखाली लालसर पापुद्रा असेल तर तांबे किंवा कासे दीर्घकाळ मातीत राहिले आहे. लोखंड फुगते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. शिसे पांढुरके होते. सोने जसेच्या तसे राहते. चांदी मात्र भल्याभल्यांना फसवते. मातीतली चांदी कधी काळी पडते, कधी राखाडी-जांभळट होते, आणि तिच्यात तांब्याची भेळ असेल तर ते तांबे बाहेर येऊन तुकडा चक्क हिरवा दिसतो. हिरवा दिसला म्हणून तांब्याच्या भावात गेलेली जुनी चांदी थोडीथोडकी नसावी.

रंगानंतर वाक पाहावा. मोडका अलंकार बहुधा एखाद्या वर्तुळाचा तुकडा असतो. कागदावर कंपासने एकात एक अशी वर्तुळे काढावीत आणि तुकडा त्यावर ठेवून कोणत्या रेघेशी जुळतो ते पाहावे. खापराच्या काठावरून मडक्याचे तोंड केवढे होते हे पुराविद याच रीतीने काढतात. आतला व्यास दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर अंगठी किंवा जोडवे. चारच्या आसपास असेल तर लहान मुलाचे कडे वा वाळा. साडेपाच ते साडेसहा असेल तर मोठ्या माणसाची बांगडी. कासार ज्याला दोन-चार, दोन-सहा म्हणतो ती मापे याच घरातली आहेत, कारण माणसाच्या मनगटाची हाडे हजारो वर्षांत फारशी बदललेली नाहीत. आठ-दहा सेंटिमीटर असेल तर पायातला तोडा, आणि बारा-तेराच्या पुढे गेला तर गळ्यातली सरी. सरीचा तुकडा बांगडी म्हणून नोंदला जाण्याची चूक सहज होते. ती घरातली आजी करणार नाही. आकडा अडकवण्यासाठी सरीचे टोक कसे वळवलेले असते, मासोळीची घडण कशी आणि वाकीचा वाक दंडावर कसा बसतो, हे तिच्या बोटांना ठाऊक असते. तुकडा तज्ज्ञाकडे नेण्याआधी एकदा तिच्या तळहातावर ठेवावा. निदान तो दागिना आहे की बैलाच्या साजातली कडी, हे ती तत्काळ सांगेल.

मग साधे भिंग घ्यावे आणि तुकडा घडवला कसा ते पाहावे. आजची तार सोनाराच्या जंतरातून, म्हणजे छिद्रे असलेल्या पोलादी पट्टीतून, ओढलेली असते. त्या तारेवर लांबीच्या दिशेने सरळ, समांतर बारीक रेघा उमटतात. फार जुनी तार अशी नसते. ती ठोकून बारीक केलेली असते, म्हणून तिला पैलू दिसतात. किंवा पत्र्याची पट्टी पिळून, लाटून केलेली असते, म्हणून तिच्यावर मळसूत्रासारखी शिवण फिरते. ओतीव वस्तूवर मेणाच्या मूळ घडणीच्या खुणा राहतात. मेणाचा साचा करून धातू ओतण्याच्या या कृतीला आपल्या ग्रंथांत मधूच्छिष्टविधान म्हटले आहे आणि बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात तिचे वर्णन आहे. सांधा झाळलेला आहे की नुसता ठोकून मिटवलेला आहे, हेही पाहावे. शेवटी झीज. लटकणाऱ्या दागिन्याची कडी वरच्या अंगाने आतून खाल्ली जाते, जोडव्याचा तळ जमिनीला घासून सपाट होतो, एकमेकींवर आपटणाऱ्या बांगड्यांच्या कडा चेपतात. जी वस्तू कुठेच झिजलेली नाही ती कोणी वापरलीच नसेल, किंवा ती दागिना नसेलही.

या ठिकाणी ब्रोचविषयी बोलले पाहिजे, कारण अणकुचीदार पिन मिळाली की 'प्राचीन ब्रोच' असे म्हणण्याचा मोह होतो. युरोपात असे ब्रोच हजारोंनी मिळतात. कमान, स्प्रिंग, पिन आणि ती अडकवायची खोबण असे त्याचे चार भाग. आजच्या सेफ्टी पिनेचा तो पूर्वज. त्यांच्या घडणीतील बारीकसारीक बदलांवरून तिथले विद्वान थडग्याचे दशक सांगू पाहतात. त्या थंड प्रदेशात लोकरीची जाड शाल खांद्यावर धरून ठेवायला त्याची गरज होती. आपल्या दख्खनच्या वेषाला नव्हती. धोतर, उत्तरीय, नेसूचे वस्त्र हे निऱ्या, खोच, गाठ आणि कमरेचा पट्टा यांवर उभे. नऊवारी नेसून शेत खुरपणाऱ्या बाईने पिन मागितल्याचे कोणी ऐकलेले नाही. आपल्याकडे साडीला खांद्यावर ब्रोच आला तो इंग्रजी अमदानीत, शिकलेल्या घरांतील स्त्रियांच्या छायाचित्रांत तो दिसतो.

वायव्येकडे मात्र चित्र वेगळे आहे. कनिष्काच्या नाण्यांवर राजाचा झगा छातीशी जोड-फाशाने अडकवलेला दिसतो. अफगाणिस्तानात तिल्या तेपे येथे १९७८ साली सहा थडग्यांतून वीस हजारांहून अधिक सोन्याचे नग निघाले, त्यांत वस्त्र अडकवायचे सुवर्णफासे आहेत. शक-कुशाणांच्या वेषाला ते साजेसे होते. तेव्हा विदर्भातल्या शेतात ब्रोचसारखे काही मिळाले तर दोनच गोष्टी संभवतात. एकतर ती वस्तू फार दूरवरून आली आहे आणि म्हणून फार महत्त्वाची आहे, किंवा ती ब्रोच नाही. बहुतेक वेळा दुसरेच खरे ठरते. महाराष्ट्रातील उत्खननांत तांब्याच्या बारीक काड्या मिळतात, टोकांशी किंचित जाड, गुळगुळीत. त्या पिना नसून डोळ्यांत काजळ-सुरमा घालायच्या अंजनशलाका असतात. टोक टोचत असेल तर पिन आणि टोचत नसेल तर शलाका, हा ढोबळ नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. डोळ्यात घालायची वस्तू कोणी टोकदार करत नाही!

अलंकार अंगावर कसा बसत होता हे पाहायचे असेल तर ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. अजिंठ्याचा डोंगर याच जिल्ह्याला लागून आहे. त्याच रांगांत, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे मिळालेला, डोक्यावर वाडगा धरलेला ठेंगणा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावरील ब्राह्मी लेखात तो घडवणाऱ्याचे नाव कण्हदास, म्हणजे कृष्णदास, असे दिले आहे आणि त्याचा व्यवसाय सोनारकी असल्याचे म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका सोनाराने दगडात कोरलेले दागिने! ज्याचा हात रोज सोन्यावर चाले, त्याने कोरलेली कर्णभूषणे आणि गळ्यातला साज चुकीचा कसा असेल? सातवाहनकालीन तुकड्याचे स्थान शोधणाऱ्याने आधी या यक्षाजवळ जावे, भाजे-कार्ल्याच्या मिथुनांजवळ जावे. मनगटापासून कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्या आणि घोट्यावरचे भरघोस वाळे तिथे जसेच्या तसे आहेत.

धातूचे रासायनिक परीक्षण हा शेवटचा उपाय. आज त्यासाठी तुकडा कापावा लागत नाही. सराफाच्या दुकानात सोन्याचा कस दाखवणारे क्ष-किरणांचे यंत्र ज्या तत्त्वावर चालते, त्याच तत्त्वावरची यंत्रे पुरातत्त्वाच्या प्रयोगशाळांत आहेत. ते यंत्र पृष्ठभाग वाचते, म्हणून गंजलेल्या वस्तूचा आकडा जपून घ्यावा लागतो. तरी काही गोष्टी निःसंशय कळतात. पितळेचेच पाहा. तांबे आणि जस्ताचे खनिज बंद मुशीत एकत्र तापवून केलेल्या जुन्या पितळेत जस्त साधारण २८ टक्क्यांच्या वर जात नाही. त्याहून अधिक जस्त घालायचे तर शुद्ध जस्त हाती हवे, आणि ते ऊर्ध्वपातनाने मोठ्या प्रमाणावर काढण्याची विद्या राजस्थानातील जावरच्या खाणींत मध्ययुगात बहरली. तक्षशिलेच्या एका भांड्याचा प्रसिद्ध अपवाद सोडला तर ३५ टक्के जस्ताचे पितळी कडे सातवाहनांचे म्हणवत नाही. निकेल मिसळलेली 'जर्मन चांदी' एकोणिसाव्या शतकातली. डाकात कॅडमियम निघाले तर वस्तू, निदान तिची दुरुस्ती, विसाव्या शतकातली.

हे सांगायचे कारण असे, की आपल्याकडे जुने म्हटले की थेट महाभारतापर्यंत जाण्याची घाई असते. कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून विदर्भाला प्रिय आहे. डॉ. मो. गं. दीक्षितांनी १९६१-६२ मध्ये तिथे उत्खनन केले ते श्रद्धेला धक्का न लावता आणि थर न सोडता. जे जिथे मिळाले ते तिथले, एवढीच नोंद त्यांनी केली. पूर्वजांविषयी खरा आदर असेल तर त्यांच्या वस्तूला खोटे वय चिकटवू नये. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा लमाण भगिनीचे पितळी कडे शंभर वर्षांचेच असू द्यावे. त्यालाही मोल आहे.

तुकड्यात काय दडलेले असते, हे नेवाशाने दाखवले. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे हे ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान. तिथे १९५४ ते ५६ आणि पुढे १९५९ ते ६१ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे राहणारे लोक आपली गेलेली मुले राहत्या घराच्या जमिनीखाली, मडक्यांत पुरत असत. लेकरू घराबाहेर, एकटे ठेवायचे नाही, ही भावना त्यामागे असावी. अशा एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. बारीक, हिरवे पडलेले, एरवी कोणी वळून पाहिले नसते असे मणी. ते कोणी धुतले नाहीत, घासले नाहीत. म्हणून मण्यांच्या छिद्रांत दोऱ्याचे अवशेष टिकलेले दिसले. कापूस, रेशीम, ताग हे सारे आपल्या काळ्या मातीत काही वर्षांत नाहीसे होते. पण तांब्याचा क्षार जंतूंना मारतो, आणि त्याला चिकटलेला धागा त्या क्षारात जणू मुरतो. वस्त्रतंतूंच्या तज्ज्ञांनी तो धागा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम असल्याचे आढळले. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या चांदोली येथेही तांब्याच्या मण्यांत धागा मिळाला, तो जवसाच्या तंतूचा होता. महाराष्ट्रात त्या काळी कोणते सूत काढले जात होते, याचा प्रत्यक्ष पुरावा असा एका लेकराच्या गळ्यातून आला. कुणा आईने ती माळ ओवली असेल. ते मणी आधी चिंचेच्या पाण्यात पडले असते, तर लख्ख तांबे हाती आले असते आणि धागा मोरीतून वाहून गेला असता.

धागा राहिला तर आणखी एक लाभ. धातूचे वय कार्बन पद्धतीने काढता येत नाही, धाग्याचे येते. आज त्यासाठी काही मिलिग्रॅम पुरतात.

आता व्यवहाराचे. विदर्भात गुप्तधनाचा नाद फार. त्यापायी रात्रीच्या अंधारात मंदिरांचे गाभारे आणि गढ्यांचे बुरूज उकरले जातात, अघोरी प्रकार होतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केलेली असली कृत्ये आली आहेत. दुसऱ्या टोकाला सरळमार्गी शेतकरी आहे. सापडलेले सांगितले तर सरकार शेत घेईल, या भीतीने तो गप्प बसतो. १८७८ चा निखात निधी अधिनियम काय म्हणतो ते त्याला कोणी सांगितलेले नसते. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे: काय मिळाले, कुठे, केव्हा, अंदाजे किंमत किती. मूळ मालक कोणी पुढे आला नाही तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश अशी त्या कायद्यात तरतूद आहे. शासनाने वस्तू स्वतःकडे घेतली तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम द्यायची, असेही आहे. सराफाकडे घट वजा होते, इथे भर पडते. कळवले नाही तर मात्र हा हक्क जातो आणि शिक्षाही होते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

तहसील कार्यालयात जाईपर्यंतचे एक-दोन दिवस तुकडा घरी राहणार. त्या वेळात त्याची माती तशीच राहू द्यावी. काढलेल्या जागेचे, शेजारी पट्टी ठेवून, छायाचित्र घ्यावे. गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर, खोली, सोबतची खापरे, हाडे, मणी हे सारे पेन्सिलीने लिहावे, कारण ओलीने शाई फुटते. घट्ट बंद प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो, म्हणून कोरड्या कागदात सैल गुंडाळून पत्र्याच्या वा पुठ्ठ्याच्या डबीत ठेवावे. आणि डबीत कापूस मुळीच घालू नये. त्याचे तंतू क्षाराला चिकटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जुना धागा शोधणाऱ्याला खामगावच्या बाजारातला या हंगामातला कापूस दिसतो.